धागा : मंगळवारी भारत-कतार फुटबॉल मॅच आहे, दोहाला जाऊन यावं का? (ऐनवेळचा प्लॅन, मदत हवी)

पेठकर_९ | ७ जून २०२४, सकाळी ८:४०

मंडळी, काल रात्री आपल्या फुटबॉल कॅप्टनची, सुनील छेत्रीची, भारताकडून शेवटची मॅच बघितली असेलच सगळ्यांनी. कुवेतशी ०-०. मे महिन्यात त्याने व्हिडिओ टाकून निवृत्ती जाहीर केली तेव्हापासून कोलकात्याला जायचं घोकत होतो पण ऑफिसात रिलीज आडवा आला आणि शेवटी मॅच पुण्यातल्या रूमवर लॅपटॉपवर बघावी लागली. तिथल्या सॉल्ट लेक स्टेडियमवर जवळपास ५९ हजार माणसं आणि मी इथं कुकरच्या शिट्ट्या ऐकत बसलोय, रात्रभर झोप नाही.

तर आता किडा वळवळायला लागलाय. पुढची मॅच मंगळवारी ११ तारखेला दोहात, कतारशी. आपल्या वेळेने रात्री सव्वानऊ. मुंबईहून चार तासांच्या आत विमान पोचतं. सोमवारी रात्री निघायचं, मंगळवारी मॅच बघायची, बुधवारी परत. पासपोर्ट आहे, व्हिसाचं काही माहीत नाही, तिकीट कुठं मिळतं माहीत नाही, सुट्टी अजून मागितलेली नाही. हातात चार दिवस. होईल का हे? कुणी केलंय का असलं काही?

(‘टीव्हीवर बघ की’ हा सल्ला घरच्यांनी देऊन झालाय, परत नको.)

निवांत_नाना | ७ जून, ९:०५

टीव्हीवर बघ की.

निवांत_नाना | ७ जून, ९:११

गंमत केली हो. पण खरंच विचारतो, रविवारी न्यूयॉर्कला भारत-पाकिस्तान आहे, अख्खा देश त्यात गुंतलाय, आणि तुम्ही भारताला कतारकडून हरताना बघायला स्वखर्चाने वाळवंटात निघालात? जानेवारीत त्याच कतारमध्ये आशियाई कपात तीन मॅच, तीन पराभव, एक गोल नाही. ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सिरिया. विसरलात का?

पेठकर_९ | ७ जून, ९:२०

नाना, विसरलो नाही, पण आमच्याकडं कोल्हापुरात शाहू स्टेडियमला आपल्या तालमीची टीम हरणार हे माहीत असतानाही लोक घरात थांबत नाहीत हो. ते रक्तातच हाय.

आकडेमोड | ७ जून, ९:४८

नाना, यावेळचं गणित वेगळं आहे. वर्ल्ड कप पात्रतेची दुसरी फेरी, शेवटची मॅच. आपल्या गटात कतार १३ गुण, त्यांचं काम झालंय. भारत ५, अफगाणिस्तान ५, कुवेत ४. वरच्या दोन टीम पुढे जाणार. गोल फरकात (मारलेले वजा खाल्लेले) आपण अफगाणिस्तानच्या पुढे, आपले उणे ३ आणि त्यांचे उणे १०. म्हणजे जिंकलो तर सरळ तिसरी फेरी, आणि तिथे भारत आजपर्यंत कधीच पोचलेला नाही. ड्रॉ झाला तर कुवेत-अफगाणिस्तान मॅचही ड्रॉ व्हायला हवी. हरलो तर संपलं.

आणि पुढे गेलो तर २०२७ च्या सौदीतल्या आशियाई कपाचं तिकीटही थेट हातात. कतार बहुतेक नवी पोरं खेळवणार आहे, अक्रम अफीफ वगैरे मोठी नावं नाहीत. एवढी बरी संधी परत केव्हा येईल सांगता येत नाही. माझं मत, जा.

अल_वक्रा_वहिनी | ७ जून, १०:३०

दोहातून लिहितेय, इथे बरीच वर्षं आहे. भाऊजी, होतं सगळं, घाबरू नका, पण क्रमाने करा.

व्हिसा : भारतीय पासपोर्टवर इथे उतरल्यावर व्हिसा मिळतो, फुकट. पासपोर्ट निदान सहा महिने व्हॅलिड हवा, परतीचं कन्फर्म तिकीट हवं, आणि हॉटेल बुकिंग. इथेच बरेच जण फसतात. हॉटेल नेहमीच्या ॲपवरून केलेलं चालत नाही, भारतीयांसाठी ‘डिस्कव्हर कतार’ च्या साइटवरूनच करावं लागतं. मित्राकडे झोपणार असलात तरीही. माझ्या चुलत दिराने दुसरीकडून स्वस्तात केलं होतं, मुंबईत चेक-इन काउंटरवरच अडवलं त्याला, मग तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवरून दुसरं बुकिंग, घाम फुटला नुसता.

मॅच जासिम बिन हमाद स्टेडियमला आहे, अल सद्द क्लबचं ग्राउंड. वर्ल्ड कपवालं नाही हे, छोटं आहे, पण कुठेही बसा, मैदान जवळ वाटतं. तिकीट ऑनलाइन, मोबाइलवर क्यूआर कोड येतो. सगळ्या खर्चात तोच सगळ्यात लहान आकडा असेल.

आणि गरम. जूनमध्ये दुपारी बाहेर पडायचं नाही म्हणजे नाही. स्टेडियमला कूलिंग आहे पण तिथवर चालत जाताना भाजून निघाल. अंगातला टीशर्ट सुती घाला, ती नायलॉनची जर्सी पिशवीत ठेवा आणि आत गेल्यावर चढवा.

मडगांवचो_विंगर | ७ जून, ११:१५

कितें रे पेठकर, जाच तू. आमचा ब्रॅंडन आहे टीममध्ये, लिस्टन आहे, तुमच्या पुण्याचा जय गुप्ता आहे, तो पण गोव्यालाच खेळतो. मुंबईचा राहुल भेके. आणि कोचच्या बाजूला महेश गवळी बसतो, तो पण आमचाच. कोकण रेल्वेचा डबा आहे नुसता.

एक लक्षात ठेव, ह्याच ग्राउंडवर सप्टेंबर २०१९ ला आपण कतारला ०-० वर धरलं होतं. छेत्री आजारी होता तेव्हा, खेळला नव्हता. आपल्या गोलकीपरने, गुरप्रीतने, त्या रात्री काय काय अडवलं ते आठवलं तरी अंगावर काटा येतो. आणि कतार तेव्हा आशियाचे चॅम्पियन होते रे.

ऑफसाइड_काकू | ७ जून, १२:४०

आजही आशियाचे चॅम्पियन तेच आहेत विंगर, फेब्रुवारीत परत जिंकले.

पेठकर, मी २०१९ ला अबू धाबीला गेले होते, मुलाला घेऊन, थायलंडला ४-१ हरवलं ती मॅच. तेव्हाही असंच ऐनवेळी ठरलं होतं. मी सांगते, फिरायला म्हणून परदेशात जाणं वेगळं आणि मॅचसाठी जाणं वेगळं. शहर बघायचं राहूनच जातं आणि त्याचं काही वाटत नाही. अनोळखी मल्याळी पोरं माझ्या मुलाला खांद्यावर घेऊन नाचत होती. गल्फमध्ये भारताची मॅच म्हणजे अर्धं स्टेडियम केरळचं असतं, घरच्या मैदानावर कधीकधी एवढा आवाज नसतो. तो आवाज टीव्हीवर येत नाही.

पण ‘संधी आहे’ वगैरे हिशोब करून जाऊ नकोस. जायचं तर हरणार धरूनच जा.

निवांत_नाना | ७ जून, १:०२

खर्च किती, ते कुणी बोलत नाहीये.

पेठकर_९ | ७ जून, रात्री १०:१५

नाना, बघितलं सगळं. विमानाचं जाऊन येऊन ऐनवेळी म्हणून तीस हजाराच्या वर जातंय, हॉटेल एका रात्रीचं वेगळं, रियाल २३ रुपयांच्या आसपास धरा. थोडक्यात नवा फोन घ्यायचा होता तो आता घ्यायचा नाही. जुना चालतोय की.

सुट्टी मिळाली. मॅनेजर बंगाली आहे, त्याला कारण खरं सांगितलं, तो म्हणाला फोटो पाठव.

वहिनी, तुम्ही सांगितलं तिथूनच हॉटेल केलं, मुशैरिबच्या जवळ. मॅचचं तिकीटही आलं. घरी आईला अजून सांगितलेलं नाही, ती कोल्हापुरात आहे आणि तिला वाटतंय मी पुण्यात आहे, आणि मंगळवारीही तिला तसंच वाटणार आहे.

ऑफसाइड_काकू | ७ जून, १०:४०

आईला सांग. विमानात बसण्याआधी सांग.

अल_वक्रा_वहिनी | ८ जून, ७:२०

मुशैरिब उत्तम, मेट्रोच्या तिन्ही लाइन तिथे मिळतात. एअरपोर्टवरून रेड लाइनने थेट या, टॅक्सी करू नका. एका फेरीला २ रियाल, दिवसभराचा पास ६ रियाल. मॅचला गोल्ड लाइन, अल सुदान स्टेशनला उतरायचं आणि निळी जर्सी दिसेल तिच्या मागे चालायचं.

आणि भाऊजी, कोल्हापूरहून येणाऱ्या माणसाने रिकाम्या हाताने यायचं नसतं, एवढंच सुचवते.

पेठकर_९ | ८ जून, ७:५५

चटणी का तांबड्या रश्श्याचा मसाला तेवढं सांगा.

अल_वक्रा_वहिनी | ८ जून, ८:१०

दोन्ही.

निवांत_नाना | १० जून, सकाळी ९:३०

काय मॅच झाली हो परवा रात्री! ११९ ला ऑल आउट आणि तरी ६ रनने जिंकलो, बुमराहने १४ रनात ३ काढले. एक वाजून गेला तरी सोसायटीत कुणी झोपलं नव्हतं. पेठकर, आता तुमची पाळी. तुमच्या मॅचला आमच्या सोसायटीत मी एकटाच जागा असणार बहुतेक.

आकडेमोड | १० जून, ९:४१

परवा नाही नाना, काल रात्रीची मॅच. आणि तुम्ही फुटबॉल बघणार?

निवांत_नाना | १० जून, ९:४४

जाग येते हो रात्री. वयामुळे.

पेठकर_९ | १० जून, रात्री ११:५०

मुंबई एअरपोर्ट. बाहेर धो धो. पाऊस कालच मुंबईत दाखल झाला म्हणे, दोन दिवस आधी. एक्स्प्रेस वेवर घाटात समोरचं काही दिसत नव्हतं, बसवाल्याने खोपोलीपर्यंत रांगत आणली. काउंटरवर हॉटेलचा कागद मागितला, वहिनी तुमच्या पाया पडतो, पुढच्या माणसाकडं नव्हता आणि त्याचं चाललंय अजून.

गेटवर निळी जर्सी घातलेले दोघं दिसले, एक ठाण्याचा, एक त्रिशूरचा. त्रिशूरवाला दोहातच नोकरीला आहे, सुट्टी अर्धी टाकून मॅचसाठी परत निघालाय. तो मंजप्पडावाला, म्हणजे केरळा ब्लास्टर्स फुटबॉल क्लबच्या फॅन मंडळाचा. त्याच्या बॅगेत ढोल आहे. आईला सांगितलं. शिव्या दिल्या, मग म्हणाली छत्री घेऊन जा. दोहाला.

पेठकर_९ | ११ जून, संध्याकाळी ५:१० (दोहा)

दुपारभर हॉटेलात पडून होतो, चारला सूक वाकिफला गेलो आणि वीस मिनिटांत परत आलो, हवा अशी लागते जणू कुणी भट्टीचं दार उघडलंय. एका मल्याळी हॉटेलात परोटा आणि बीफ फ्राय, मग करक चहा. चहा एवढा गोड की कोल्हापूरकराला पण जड गेला. हॉटेलवाल्याने जर्सी बघून चहाचे पैसे घेतले नाहीत, म्हणाला जिंकून या. आता निघतो.

मडगांवचो_विंगर | ११ जून, रात्री ९:५३

गोऽऽऽऽऽल!! छांगते!! ब्रॅंडनने दिला बॉल, आमच्या ब्रॅंडनने!! ३७ वं मिनिट! पेठकर आहेस का रे जिवंत??

आकडेमोड | ११ जून, ९:५४

१-० राहिलं तर कुवेतचं काहीही होवो, आपण तिसऱ्या फेरीत. परत सांगतो, तिसऱ्या फेरीत!

पेठकर_९ | ११ जून, १०:०६

आवाज गेला. त्रिशूरवाल्याचा ढोल आत सोडला नाही, तो आता खुर्ची वाजवतोय. माझ्या मागं एक बिहारी काका आहेत, इथं बांधकामावर असतात, कामावरून थेट आलेत, बूट अजून सिमेंटचे. गोल झाल्यावर त्यांनी मला एवढं घट्ट धरलं की चष्मा वाकला. नाद खुळा!! हाफटाइम.

निवांत_नाना | ११ जून, १०:१२

मी बघतोय. बरं खेळतायत की.

ऑफसाइड_काकू | ११ जून, १०:४६

हे काय??? बॉल बाहेर गेला होता!! पूर्ण बाहेर!!

मडगांवचो_विंगर | ११ जून, १०:४७

लाइनच्या बाहेरून पायाने ओढला परत! बाहेरून! आंधळे आहेत काय सगळे!

पेठकर_९ | ११ जून, १०:४९

काय झालं? आम्ही समोरच्या टोकाला आहोत, इथून एवढंच दिसलं की गुरप्रीत खाली पडला, आपले प्लेअर थांबले आणि त्यांनी ढकलला आत. सगळे रेफरीभोवती जमलेत. गोल दिला का? स्क्रीनवर रिप्ले दाखवत नाहीयेत. कुणीतरी सांगा!!

आकडेमोड | ११ जून, १०:५२

सांगतो. फ्री किकवर युसुफ आयमेनचा हेडर, गुरप्रीतने अडवला, बॉल त्याच्या बाजूने गोल लाइनच्या पलीकडे गेला, पूर्ण पलीकडे, मध्ये हिरवं गवत दिसतंय. सगळ्यांना वाटलं कॉर्नर. तेवढ्यात त्यांच्या हाश्मीने पाय घालून बॉल मागे ओढला आणि आयमेनने टाकला आत. लाइन्समनने झेंडा वर केला नाही. या फेरीत व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय) नाही, तिसऱ्या फेरीपासून आहे. म्हणजे रेफरीने दिला तो दिला.

१-१. अजून वेळ आहे. कुवेत-अफगाणिस्तान अजून ०-०.

पेठकर_९ | ११ जून, १०:५५

तुझी पोस्ट इथं आसपासच्या दहाबारा जणांना वाचून दाखवली, हिंदीत. काकांनी डोक्यावरचं फडकं काढून जमिनीवर आपटलं.

मडगांवचो_विंगर | ११ जून, १०:५९

२-१. लांबून मारला. अल रावी. संपलं रे.

निवांत_नाना | ११ जून, ११:२२

टीव्ही बंद केला. अहो पण हा अन्याय आहे सरळ सरळ. क्रिकेटमध्ये साध्या एलबीडब्ल्यूला तीन कॅमेरे लावतात आणि इथे देशाच्या वर्ल्ड कपच्या वाटेवर एक माणूस झेंडा धरून उभा, आणि त्याला दिसलं नाही?

पेठकर_९ | १२ जून, पहाटे २:३० (दोहा)

झोप येत नाही म्हणून लिहितो.

मॅच संपल्यावर कुणी लगेच उठलंच नाही. मागून कळलं की कुवेतनेही शेवटी गोल मारून अफगाणिस्तानला हरवलं, म्हणजे आपला ड्रॉ झाला असता तरी उपयोग नव्हता, जिंकायलाच हवं होतं. एवढं ऐकल्यावर त्रिशूरवाला हसायला लागला, म्हणाला चला, निदान एका गोलासाठी रडायला नको, दोन्हीसाठी रडू. प्लेअर आमच्या स्टँडजवळ आले, टाळ्या वाजवल्या, आम्ही पण वाजवल्या. गुरप्रीत मान वर करत नव्हता. छेत्री गेल्यावरची पहिली मॅच, दंडाला कॅप्टनचा पट्टा, आणि हे असं.

बाहेर आल्यावर एक कतारी माणूस मुलाला घेऊन चालला होता. आमच्या जर्सी बघून थांबला, म्हणाला “आउट, आउट” आणि हाताने लाइन काढून दाखवली. त्याच्याशी भांडणार तरी काय. तो मुलगा आमच्याकडं बघून हात हलवत होता.

नाना, तुम्ही पहिल्या दिवशी विचारलं होतं हरताना बघायला कशाला जायचं. मला २०२२ च्या वर्ल्ड कप फायनलचं तिकीट दिलं असतं तरी ते मेस्सीचं दुःख नाही तर एम्बाप्पेचं दुःख, माझं काय त्यात. टाळ्या वाजवून घरी आलो असतो. हे आपलं आहे. राग पण आपला आहे, उद्या ऑफिसात कुणाला समजावून सांगता येणार नाही असला.

ऑफसाइड_काकू | १२ जून, ७:४०

एक कटू बोलते. गोल चुकीचाच होता, वादच नाही. पण शिट्टी वाजेपर्यंत थांबायचं नाही हे आम्ही तेरा वर्षांखालच्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. चारपाच जण हात वर करून उभे राहिले. आणि मार्चमध्ये गुवाहाटीला अफगाणिस्तानशी १-० पुढे असताना १-२ हरलो, तिथे कुठला लाइन्समन होता? सगळं खापर एका झेंड्यावर फोडू नका.

मडगांवचो_विंगर | १२ जून, ८:०५

काकू तत्त्व बरोबर आहे पण बॉल अर्धा फूट बाहेर गेल्यावर थांबणार नाही तर काय करणार? गोलकीपर बॉलजवळच पडलाय, त्याला तर सगळ्यात स्पष्ट दिसलं असणार की बाहेर आहे.

पेठकर_९ | १२ जून, ८:३०

दोघांचं पटतंय. शाहू स्टेडियमला असला गोल दिला असता तर मॅच पुढं सुरूच झाली नसती, एवढंच सांगतो, आणि ते काही भूषण म्हणून सांगत नाही.

अल_वक्रा_वहिनी | १२ जून, ९:१५

भाऊजी काल मॅचनंतर इथल्या वेळेने रात्री साडेदहाला मसाला देऊन गेले, चेहरा बघवत नव्हता. जबरदस्तीने वरण-भात खाऊ घातला. आमच्या ह्यांना फुटबॉलचं काही नाही, ते विचारत होते ‘पण बॉल बाहेर गेला तर परत द्यायला नको का?’ बिचारे भाऊजी पंधरा मिनिटं ताटातल्या लिंबाच्या फोडीने समजावत होते.

आकडेमोड | १८ जून, १०:२०

धागा वर काढतो. आपल्या फुटबॉल फेडरेशनने त्या गोलाबद्दल तक्रार केली आहे, पण निकाल बदलेल असं मला वाटत नाही. आणि काल कोच स्टिमाचला काढलं. आता आशियाई कपासाठी वेगळी पात्रता फेरी खेळावी लागणार, प्रत्येक टीमशी घरी एक आणि बाहेर एक अशा मॅच असतील.

पेठकर_९ | १८ जून, १०:४५

बाहेरच्या मॅचचं ठिकाण कळलं की नवीन धागा काढतो. यावेळी चार दिवस आधी नाही, नीट महिनाभर आधी. ठाणेकर आणि त्रिशूरवाला तयार आहेत, ग्रुप केलाय. काकू मुलाला घेऊन येणार का?

ऑफसाइड_काकू | १८ जून, ११:१०

मुलगा दहावीत जातोय. तो नाही येणार. मी येते.

निवांत_नाना | १८ जून, ११:३२

माझा पासपोर्ट २०२१ ला संपला. तात्काळमध्ये केला तर किती दिवसांत मिळतो हल्ली?